वामकुक्षी

दुपारचे दोन वाजले तरी कुमुद दिघे आडव्या झाल्या नाहीत. अत्तर कंपनीने त्यांना घरी बसवले होते, पण त्यांच्या मनाची प्रत ठेवून घेतली होती. एक मन एका वेळी एकाच ठिकाणी जागे राहू शके. म्हणून त्या वामकुक्षीला कलंडल्या, की तिकडे प्रत उठून गंध जुळवी.

फोन वाजला. कंपनीचे राजवाडेसाहेब काकुळतीला आले होते. "ताई, परदेशी पाहुणे समोर बसलेत, प्रत काही उठत नाही. जरा पडा ना!"

"निरोप देताना तुम्हीच म्हणाला होतात, 'आता घरी झोपा काढा.' पाच वर्षं काढल्या. आज झोप येत नाही हो, साहेब."

त्यांनी उशी उन्हात टाकली आणि पुन्हा कॉफी उकळायला ठेवली. तो दरवळ त्यांच्या एकटीचा होता.