सराट्याचा आवाज

मंदाबाईच्या वर्षश्राद्धाला तिचे तिन्ही मुलगे जमले, आणि पानं वाढायच्या आधीच भांडायला लागले. अंगणात बसलेल्या रूपरावांनी कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या लेकीला विचारलं, "अंकिता, तुह्या मायची गाठ तं छातीत होती. मंग अंगभर काऊन पसरली?"

"पेशीत मायक्रोआरएनए नावाचा एवढासा तुकडा असते, बाबा. तो उतावळ्या जीन्सले गप बसवते. तो कमी झाला का पेशी एकमेकींचा हात सोडतात, अन् वाट फुटंल तिकडे जातात."

"तुही माय तशीच होती. पोरं भांडली का बोलायची नाई, भाकर उलथायचा सराटा नुसता तव्यावर आपटायची." रूपरावांनी भांडणाऱ्या पोरांकडं पाहिलं. "तो तुकडा परत नाई देता येत?"

"तेच करून पाहून राह्यलो आम्ही," म्हणत अंकिता आत गेली.

थोरल्यानं रागानं बॅग उचलली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, टण्, टण्. तिघेही गप झाले, आणि लहानपणीसारखे मुकाट्यानं पाटावर जाऊन बसले.

रूपराव धडपडत आत गेले. गॅसपाशी अंकिता उभी होती, हातात मायचा सराटा.

"पाह्यलं परत देऊन, बाबा."