ओल्या दगडांखाली

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात गावात बंदूकवाले स्वार शिरले, तेव्हा मंजुळाबाई आपल्या सुनेला, सखूला घेऊन औंढ्याकडच्या नाल्यात उतरली. सखूच्या कुशीत तान्हं लेकरू होतं. बसायला म्हणून तिनं एक दगड सरकवला, तशी मंजुळाबाई पुटपुटली, "राहू दे. खाली बेडकाची अंडी हाईत. ही पाण्यात न्हाई, ओल्या मातीतच घालतेत."

बोटाच्या पेराएवढी ती बेडकं त्यांच्या चाहुलीनंच गप्प झाली होती. इतक्यात काठावर घोडी थांबली.

"मेंडक चुप हैं. नीचे कोई है क्या?" स्वारानं विचारलं.

"घोड्यांकू डरे, हुजूर. ठैरो, अब्बी बोलते." घोड्यांच्या मागच्या अंधारातून आलेला हा आवाज नासेर पिंजाऱ्याचा होता. वाट दाखवायला त्याला गावातून धरून आणलं होतं.

सखूनं लेकराचं तोंड छातीशी दाबलं. मंजुळाबाई डोळे मिटून जिभेनं बेडकासारखं टिकटिक करू लागली. दोन-चारदा जमलं, मग भीतीनं जीभ टाळ्याला चिकटली. टिकटिक मात्र थांबली नाही.

स्वार ऐकत राहिला. मग घोडी वळली.

"बेडकं बोलली म्हणून वाचलो, आत्याबाई," सखू म्हणाली.

"न्हाई गं. ही ओल सोडून कुठंच जात न्हाईत. आवाज वरच्या कोरड्या काठावरून येऊन राहिला व्हता. नासेर उभा व्हता, तिथून."