कल्ले बघून

स्टीलच्या परातीत अकरा मासे होते. सहा बांगडे, तीन पापलेट, एक सुरमई आणि एक लालसर तांबोशी. दत्तात्रेय सुर्व्यांनी अंगठ्याने एकेकाचा कल्ला उचलून पाहिला. नाचणे रोडवरच्या या नव्या हॉटेलात मासा आधी टेबलावर आणून दाखवत आणि मग तळत. हॉटेल उघडून चौथा दिवस होता. रविवार, दुपारचे साडेबारा.

"हे दोन बांगडे कालचे," ते म्हणाले.

परात धरून उभी असलेली वेदिका हसली. "काका, कल्ले बघणारे तुम्ही पहिलेच. बाकी सगळे फोटो काढतात."

"आमची ही कालचा मासा उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. ही तांबोशी द्या."

"ती दोघांची आहे हो. एकट्याला कशी संपणार? बांगडा देऊ ना चांगला बघून?"

"एकटा नाही मी. येतंय एकजण," सुर्वे म्हणाले. मग दाराकडे पाहिलं. कोणी येणार नव्हतं.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हे ऐकलं होतं. "ओ काका, आमचं पण बघा ना जरा!"

सुर्वे लगेच उठले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या त्यांनी कोपरापर्यंत सारल्या. वेदिका परात घेऊन मागोमाग गेली. तिथून त्यांना पुढच्या टेबलावर बोलावलं, मग त्याच्याही पुढच्या. सुरमईचा तुकडा कुठला घ्यावा, पापलेट दाबून कसा बघावा, ते सांगत गेले. लोक ऐकत होते. एका आजींनी तर विचारलं, "बाजारात कधी जाता? मी येते तुमच्या मागून."

चौथ्या टेबलावर नम्रता नावाची बाई नवरा आणि मुलीबरोबर बसली होती. चौथ्या खुर्चीवर तिची पर्स होती.

"नम्रता, शिक काहीतरी," नवरा म्हणाला. "तू मेलेला मासा जिवंत म्हणून आणतेस."

"मग तू जा की बंदरावर पहाटे उठून!"

सगळे हसले. सुर्वेही हसले. पापलेट ठरला, परात आत गेली. सुर्वे चौथ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. नम्रताने पर्स उचलली. सुर्व्यांनी खुर्ची थोडी मागे ओढली. तिने पर्समधून मोबाईल काढला आणि पर्स परत खुर्चीवर ठेवली.

"थँक्यू हं, काका."

ते आपल्या टेबलावर येऊन बसले.

"आले नाहीत अजून?" वेदिकाने विचारलं.

"वाटेत आहेत. तुम्ही तळायला टाका."

तिने दोन ताटं मांडली, दोन वाट्या सोलकढी ठेवली आणि मध्ये तांबोशी. सुर्व्यांनी तिला समोरच्या ताटात भात वाढू दिला.

जेवून निघालेली माणसं त्यांच्या टेबलापाशी थांबत होती. "मासा एक नंबर होता, काका." "पुढच्या रविवारी पण या हं, आमच्यासाठी." सुर्वे प्रत्येक वेळी उष्टा हात ताटावर धरून अर्धवट उठत होते.

तांबोशी एक वाजून पाच मिनिटांनी आली होती. पावणेदोनला तिची वरची बाजू काट्यापर्यंत साफ झाली होती. खालची बाजू अख्खी होती.