बिनगाठीचा दोरा

हिंदाबाईंनी खोकं टेबलावर उलटं केलं. पांढऱ्या अ‍ॅप्रनांचा ढीग पडला आणि त्यांचे सुटलेले बंद एकेक करून जमिनीवर घसरले.

"कुणी शिवलेत हे?"

मंगळवारची दुपार होती. ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, सिनेगॉगच्या, मागच्या खोलीत मदत मंडळाच्या नऊ बायका शिवायला बसल्या होत्या. नऊच्या नऊ सुया थांबल्या आणि आठ जणींनी ब्रैनामावशीकडे पाहिलं. मैत्रिणी त्या, मागे कशा राहतील!

"हॉटेलच्या मालकिणीनं परत पाठवलेत," हिंदाबाई म्हणाल्या. "वाढणारी पोरगी सूप घेऊन निघाली होती. बंद निसटला, अ‍ॅप्रन पायात आला, पोरगी आडवी आणि सूप गिऱ्हाइकाच्या मांडीवर. वर चिठ्ठी आहे. तुमच्या बायकांना शिवता येत नाही म्हणे. आपल्याला! लीड्समध्ये!"

एरवी कुणीतरी हसलं असतं. पण या हिवाळ्यात हसू आटलं होतं. शिवणकामासाठी साऱ्या इंग्लंडात नावाजलेल्या या गावातले कारखाने एकामागून एक बंद पडले होते. ज्या घरांतून मंडळाला वर्गणी यायची, त्यांतल्याच काही घरांत आता मंडळाला कोळसा पोचवावा लागत होता, तोही शेजाऱ्यांचा डोळा चुकवून. म्हणून अध्यक्ष झाल्या झाल्या हिंदाबाईंनी मालकिणीचा उंबरा झिजवून हे अ‍ॅप्रन शिवायचं काम मिळवलं होतं.

ब्रैनामावशीनं वाकून एक बंद उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. टाके सरळ होते, बारीक, एकसारखे. दोऱ्याला गाठ नव्हती. ना सुरुवातीला, ना शेवटी.

चाळीस वर्षं ती मंडळात कफनं शिवत आली होती. मेलेल्या माणसाच्या कपड्याला गाठ मारत नाहीत. जीव अडकून राहतो म्हणतात. दोरा ओवायचा, शिवत जायचं आणि शेवट मोकळा सोडून द्यायचा. हॉटेलनं पाठवलेलं कापडही नेमकं तसलंच होतं, पांढरं आणि जाडसर. हातांनी डोक्याला विचारलंच नाही.

"माझेच आहेत," ती म्हणाली.

"ते दिसतंच आहे. जिवंत माणसांसाठी शिवायचंय, हे सांगितलं होतं ना मी?"

"चाळीस वर्षांत माझा एक कपडा परत आला नाही. तुझ्या आईचं कफनही मीच शिवलं. तिची आली का गं तक्रार?"

"तिला सूप वाढायचं नव्हतं."

एक बाई उगाचच खोकली. 

"सुई ठेवा, मावशी," हिंदाबाई म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारपासून येऊ नका. कफन लागलं तर ही त्सिपा शिवेल. असलं आणखी एक खोकं परत आलं तर काम जाईल आणि आपण कोळसा पोचवतो त्या अकरा घरांतल्या चुली विझतील. तुमच्या हातांपायी मी ते होऊ देणार नाही."

हिंदाबाईंचं काही चुकत नव्हतं. मावशीला त्याचाच जास्त राग येत होता.

ब्रैनामावशीनं सुई ठेवली नाही. आठवड्यात हा एक मंगळवार. बाकीचे सहा दिवस ती घरात भिंतींशी बोलायची.

"मारीन की गाठी. त्यात काय आहे?"

"मारून दाखवा."

तिनं दोरा ओवला. टोक तर्जनीभोवती गुंडाळलं, अंगठा जवळ आणला आणि तिथंच बोटं थांबली. वेढा सुटला. तिनं पुन्हा गुंडाळला. पुन्हा सुटला. तिसऱ्या खेपेलाही सुटला, तेव्हा तिनं दोरा मांडीवर टाकला. त्सिपा सगळ्यांत लहान; तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

"बघितलंत?" हिंदाबाई म्हणाल्या. "मेलेत हात तुमचे."

ब्रैनामावशी उठली. बायकांना वाटलं, कोट घ्यायला निघाली. ती गेली कपाटाकडे. मंडळातल्या प्रत्येकीचं कफन तिथं आधीच शिवून ठेवलेलं असतं, तपकिरी कागदात, वर नाव घालून. आपलं आपण शिवायचं नाही, दुसरीनं शिवायचं, अशी तिथली रीत. मावशीनं एक पुडकं काढलं आणि आणून अ‍ॅप्रनांच्या ढिगावर ठेवलं. वर पेन्सिलीनं हिंदाबाईंचं नाव होतं.

"हेही माझंच काम," ती म्हणाली. कागद उघडून तिनं पांढऱ्या कापडावर ओवलेली सुई ठेवली. "तपासून घे. यालाही गाठ नाही. तुला पक्कं काम हवंय ना? मार."

हिंदाबाईंची मान लाल झाली. त्यांचा हात सुईकडे गेला, पण पोचला नाही. शेगडीवरची किटली उतू जाऊन फसफसायला लागली, तरी कुणी उठेना.

शेवटी हिंदाबाईंनी सुई बाजूला काढली. कागद होता तसा मिटला, तान्हं मूल उचलावं तसं ते पुडकं दोन्ही हातांनी उचललं आणि कपाटात नेऊन ठेवलं.

"त्सिपा," त्या मागे न वळताच म्हणाल्या, "मावशींच्या दोऱ्यांना गाठी तू मारून देत जा. सुरुवातीच्या आणि शेवटच्याही."

ब्रैनामावशी खुर्चीत बसली. आभार वगैरे काही मानले नाहीत. त्सिपानं गाठ मारून दिलेला दोरा तिनं उजेडात धरला.

"बघा, वाटाण्याएवढी गाठ घातलीय पोरीनं!" ती करवादली. मग अ‍ॅप्रन पुढ्यात ओढून तिनं पहिला टाका घातला. "आणि हे बघ हिंदा, मी आधी गेले, तर माझं-तुझं कुठलंच पुडकं या गाठी घालणाऱ्या पोरीच्या हाती लागू देऊ नकोस."