एक सूर वर

"हा आता तुझ्याकडेच राहू दे, भो," म्हणत पितांबरनं टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. "ग्रुपनं नवीन घेतला."

त्या ग्रुपमध्ये पितांबर गिटार वाजवायचा, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत अभिमन गात होता. जळगावच्या स्पर्धेत वरच्या सुराला त्याचा आवाज फुटला आणि लोक हसले. तोच सूर गाठायचा म्हणून पुढे चार महिने तो रोज ओरडत राहिला. घशात गाठी आल्या. आता तो हळू बोलतो, आणि कमी बोलतो. त्याच्या जागी पुना गातो.

"कॅसेट कुठली आहे?" अभिमनच्या मोठ्या बहिणीनं, द्रौपदाअक्कानं विचारलं. ती भुसावळच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची.

"तीच, अक्का. माझ्या मामानं मस्कतहून या टेपबरोबर पाठवलेली. हे गाणारा बँड तर कधीच मोडला म्हणे. आपल्याला उशिराच कळला."

ज्या गाण्यापायी घरात एवढं झालं, ते अक्कानं कधी नीट ऐकलं नव्हतं. तिनं कूलर बंद केला. "लाव," ती म्हणाली.

गिटार आली, ढोल आले, आणि मग कोणीतरी खोल, घोगरं गुरगुरू लागलं. दोन मिनिटांनी त्यातूनच एक स्वच्छ आवाज वर चढला.

"हे दोघं आहेत का?"

"एकच माणूस आहे," पितांबर म्हणाला. "गुरगुरणंच खरं, अक्का. गोड काय, कोणीही गातं."

"मग पुना का गुरगुरत नाही?" अभिमननं विचारलं.

"त्याची आई घाबरते. परवा लिंबू उतरवलं त्याच्यावरून."

अभिमन हसला. "आधी ते गुरगुरणं असतं म्हणून पुढचं गोड लागतं. नुसतं एक काढून चालत नाही."

"नाही कसं? तुझ्यानंतर आम्ही गोडच ठेवलं. लोकांना आवडतं."

गाणं संपलं. अक्काच्या हातात कॅसेटमधला छापील कागद होता. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा तिनं गाणं ऐकलंच नाही, सेकंदकाटा पाहत बसली. मग कागदाच्या पाठीवर भागाकार केला.

"इथे आठ मिनिटं चाळीस सेकंद छापलंय. हे सात त्रेचाळीसला संपतं. दोन्ही वेळा."

"म्हणजे?" पितांबरनं विचारलं.

"म्हणजे टेप जोरात पळतोय. नऊला आठ, एवढ्या प्रमाणात. सा आणि रे मध्ये असतं तेवढं अंतर." ती अभिमनकडे पाहत होती. "तो माणूस तिथे गातच नाही. त्याच्यापेक्षा एक सूर वर तू गात होतास."

खोलीत उकाडा वाढला होता. कूलर सुरू करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"मोटरला हात लावला होता का कोणी?" अक्कानं विचारलं.

पितांबर म्हणाला, "नवा होता तेव्हा. आपण असं गाणं कधी ऐकलेलं का? ते गुरगुरणं ऐकून मला वाटलं, मोटर हळू फिरतेय, म्हणून आवाज जाड येतोय. स्टेशनजवळच्या मेकॅनिकला म्हटलं, वाढव जरा. त्यानं वाढवली. तरी गुरगुरणं जाईना, तेव्हा कळलं की तो गातोच तसा."

"मग मोटर परत कमी नाही केली?"

"राहून गेली."

"आणि तुझी गिटार? ती कशी जुळली?"

"जुळत नव्हती. मी तारा ओढून वर घेतल्या. सारख्या तुटायच्या. तुटली की नवी लावायचो." तो एकदम चिडून आपल्या साक्रीच्या बोलीत म्हणाला, "आते बठ्ठा दोष मनाच शे का? सगळा माझाच? मस्कतचं मशीन. ते चुकेल असं कोणाला वाटेल?"

"मी चुकतो असं वाटलं ना," अभिमन म्हणाला. "मलाही वाटलं."

अक्कानं आतून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला. टेपचं मागचं झाकण काढलं. मोटरच्या भोकात वेग बदलायचा एक स्क्रू होता. गाणं चालू ठेवून तिनं तो केसभर फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. गुरगुरणं आणखी खोल गेलं. तिनं गाणं सुरुवातीपासून लावून घड्याळ धरलं. दोनदा थोडं इकडे-तिकडे केलं. तिसऱ्यांदा आठ चाळीस बरोबर आले.

"आता ऐक," ती म्हणाली. हिशेब जुळल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

तो स्वच्छ आवाज आला. घाई न करता, रुंद, जमिनीवर उभा राहिल्यासारखा वर चढला आणि सहज तिथे टेकला.

"अरे भो," पितांबर म्हणाला, "ही तर तुझी पट्टी. पुनाला हे एवढं भरून येणारच नाही."

अभिमनचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. आवाज निघत नव्हता. ओळ संपेपर्यंत त्यानं ऐकलं. मग हात लांब करून टेप बंद केला.

"दोन वर्षं मला वाटत होतं, आपल्यातच नाही ते," तो म्हणाला. "त्याची सवय झाली होती. होतं, हे आता कळून काय करू?"

अक्काच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला. स्क्रू-ड्रायव्हर अजून तिच्या हातात होता.

"अक्का," तो म्हणाला, "स्क्रू होता तसा कर."