मोटारीचा हार

दुपारच्या शांततेत चुलीवरच्या भाताचं झाकण खडखडलं आणि मला अंगणातली मोटार आठवली. गोऱ्या साहेबाकडून घेतलेली ती जुनी मोटार रोज वाटेतच उकळायची, पाणी संपवायची. "आता उकळली तर विकून टाकू," मामंजी म्हणाले होते. म्हणजे इच्छापूरचं माझं माहेर पुन्हा बैलगाडीइतकं लांब जाणार होतं.

गळती शोधायला मी मोटारीखाली राख पसरली होती. अंगणात जाऊन पाहिलं, तर ती कोरडीच होती. मग समोर पाहिलं. पोळ्याच्या बैलाला घालावा तसा झेंडूचा जाड हार सासूबाई रोज मोटार निघताना तिला घालायच्या. पुढची जाळी त्यानं पार बुजली होती. फुलं शिजली होती.

मी हार उतरवला. "मोटारीला वारा लागत नव्हता गं, म्हणून पाणी उकळायचं," मी लेकीला म्हटलं.

"मग आई, देवघरातल्या देवांना एवढ्या हारांखाली वारा कुठून लागतो?"