हवेचा हातमोजा

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आठ महिने ह्यांना प्रत्येक घास मीच भरवत होते. मग राजारामपुरीतल्या दवाखान्यातून तो रबरी हातमोजा आला. नळीतून त्याच्यात हवा भरली की ह्यांच्या उजव्या हाताची वळलेली बोटं उघडायची, मिटायची, चमचा धरायची. माझ्या रोजच्या तेलमालिशीला जे जमलं नाही, ते त्यानं पहिल्याच दिवशी करून दाखवलं. हे त्याच्याकडं इतक्या कौतुकानं बघायचे, की मला त्या रबराचा मत्सर वाटायचा आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

ह्यांच्या आधी जेवायचं नाही आणि दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही, हे माझे नेम. ताट साडेपाचला वाढलं तरी मोज्यानं जेवता जेवता ह्यांना सात वाजायचे. चार दिवस मी तशीच उपाशी झोपले. बोलले मात्र नाही.

पाचव्या संध्याकाळी मोजा हलेचना. सुनेनं, प्रियदर्शनीनं, तो उलटापालटा करून बघितला.

"आत्ती, ह्याची नळीच न्हाय की. तुम्ही काढलीसा व्हय?"

मला नाही म्हणवेना. ती नळी उपटून फेकावी, असं सकाळी जप करतानाही माझ्या मनात आलं होतं.

प्रियदर्शनी नळी शोधायला आतल्या खोलीत गेली. तेव्हा ह्यांनी डाव्या हातानं उशीखालची नळी हळूच काढून मला दाखवली आणि परत तिथंच सरकवली.

"भरव बिगीबिगी," हे म्हणाले. "दिवस बुडाया लागलाय. तू कवा जेवणार?"